गाभाऱ्यातली हवा

मी हवेची इंजिनिअर आहे असं सांगितलं की लोक आधी विचारतात, हवामान खात्यात का? मग मी सांगते, की जुन्या देवळांत, चर्चमध्ये, दर्ग्यांत माणसाला नीट श्वास घेत बसता यावं, घामाने अंग निथळू नये, आणि तरी विजेचं मीटर भिंगरीसारखं फिरू नये, याची व्यवस्था लावणं हे माझं काम. "म्हणजे एसी बसवता तुम्ही," असं म्हणून समोरचा विषय मिटवतो. सत्तावीस वर्षं मी हे काम केलं. त्यातला बराचसा काळ लोकांना एसी बसवू नका हे पटवण्यात गेला.

घर डोंबिवलीला, दोन खोल्यांचं ऑफिस ठाण्याला. ठाण्यातल्याच एका जुन्या चर्चमध्ये मी शिकले, की यंत्रं बाहेर काढण्याआधी तिथे बसणाऱ्यांना विचारावं. तिथे नवेकोरे पंखे लावले होते आणि तरी उकाड्याची तक्रार होती. मी तापमानं घेत हिंडत होते. मार्था नावाच्या एक आजी बाकावर बसून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाय, तू वर काय बघतंस? वारा खालून यायचा. माझ्या पायाला लागायचा." बाकांच्या उंचीवर भिंतीत लाकडी झडपा होत्या, कधीच्या तरी दुरुस्तीत प्लायवूड ठोकून बंद केलेल्या. आम्ही ते प्लायवूड काढलं आणि निम्मे पंखे बंद केले. पुढच्या रविवारी मार्थाआजी पायांवर शाल घेऊन बसल्या, आणि आता थंडी वाजते म्हणून माझ्याकडे तक्रार केली. त्या तक्रारीचा मला अजूनही अभिमान आहे.

हे सांगते आहे ते एवढ्यासाठी, की मला माझं काम येत होतं. पुढे जे झालं ते काम येत नव्हतं म्हणून झालं नाही.

कल्याणला खाडीच्या अंगाला एक जुनं दगडी शिवमंदिर आहे. नाव सांगत नाही. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा देवळाची अवस्था एखाद्या माणसाला मे महिन्यात स्वेटर घालावा तशी केलेली होती. सभामंडपाच्या वर पत्र्याची शेड, तीही शिखराच्या कमरेला चिकटवलेली. आतल्या दगडाला चकचकीत लाद्या. देव उजळून दिसावा म्हणून चारही कोपऱ्यांत असे दिवे, की त्यांच्याखाली पापड भाजून निघाला असता. आणि मग तक्रार, की देवळात बसवत नाही.

देवस्थानचे अध्यक्ष भोईरशेठ यांनी मला बोलावलं होतं. खडी-सिमेंटचा धंदा, मोठा आवाज, मन चांगलं. त्यांनी सगळं फिरून दाखवलं आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबले.

"मॅडम, इथून पुढे तुमचा माणूस पाठवा. आंघोळ करून, सोवळं नेसून. आमच्याकडे आत फक्त गुरव जातो. बाकी पुरुष वर्षातून एकदा अभिषेकाला. लेडीज नाही. राग मानू नका."

राग आला. पण 'तुमचा माणूस पाठवा' हे मी त्याआधी तीन ठिकाणी ऐकलेलं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी राग गिळून माणूस पाठवला होता. धंदा करायचा तर सगळ्याच उंबऱ्यांवर भांडत बसता येत नाही, असं मी स्वतःला समजावलेलं होतं. या वेळी अडचण एवढीच होती, की माझा ऑफिसातला माणूस ख्रिस्ती होता.

तेव्हा आतून एक आवाज आला. "मॅडम, तुम्ही बाहेरून सांगा. मी आतून बघतो."

ते विश्राम गुरव. साठीच्या आसपास, सडपातळ, नेसूचं सोवळं गुडघ्यापर्यंत आणि कपाळावर भस्म. मूळ गाव कोकणात, पण तीन पिढ्या याच देवाची पूजा. राहायला ठाकुर्लीला. रोज पहाटे पाचला देऊळ उघडायला हजर.

गाभारा दोन पायऱ्या खाली होता. मी उंबऱ्याच्या अलीकडे पाट मांडून बसले, मांडीवर वही. मोजपट्टीचं एक टोक मी धरलं, दुसरं विश्रामकाकांनी. त्या एका दुपारी आम्ही आख्खा गाभारा कागदावर उतरवला. मी विचारायची आणि ते सांगायचे. पुढे कितीतरी वेळा आम्ही असेच बसलो. थर्मामीटर कसं धरायचं, तोंडाची वाफ त्यावर पडू कशी द्यायची नाही, ओलं फडकं गुंडाळून घेतलेलं आणि कोरडं तापमान वेगळं का घ्यायचं, हे सगळं ते दोन दिवसांत शिकले. शिकले म्हणजे त्यांना त्याचा नादच लागला. मी नसतानाही ते रोज तीन वेळा आकडे घेऊन फोनवर सांगायचे.

"काका, मागच्या भिंतीला हात लावून सांगा. ओली आहे?"

मग आतून उत्तर. "ओली नाही म्हणता येणार. कोरडीही नाही. आजारी माणसाच्या कपाळासारखी लागते."

हवेत किती दमटपणा आहे हे सांगणारी यंत्रं माझ्याकडे होती. त्यांतल्या एकानेही मला इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

मागच्या भिंतीतल्या भोकाबद्दलही त्यांनीच सांगितलं. माझ्या नकाशात ते नव्हतं. "वरच्या अंगाला आहे. माझी मूठ जाईल एवढं. आजोबा त्याला देवाचं नाक म्हणायचे. पहाटे तिथून वारा येतो, समईची ज्योत दाराकडे झुकते. दुपारी उलटं." दगड घडवणाऱ्याने हवेसाठी ठेवलेली ती वाट होती. तेवढ्या मुठीएवढ्या भोकावर तो गाभारा शेकडो वर्षं श्वास घेत होता.

पहिलं काम फार चांगलं झालं. पत्र्याची शेड हातभर वर उचलून मध्ये फट ठेवली. ते कोपऱ्यांतले दिवे काढून साधे एलईडी लावले. सभामंडपातल्या लाद्या काढायला लावल्या, दगड मोकळा केला. एका उन्हाळ्यात मंडपातलं तापमान चांगलं तीनेक अंशांनी उतरलं. वीजबिल बघून भोईरशेठनी मला पेढ्यांचा पुडा पाठवला. विश्रामकाका म्हणाले, "मॅडम, आता दुपारच्या आरतीला माझा घसा सुकत नाही."

तिथेच थांबायला हवं होतं.

पुढच्या श्रावणात एका सोमवारी गर्दीत भोईरशेठची आई चक्कर येऊन पडली. ऐंशीच्या पुढच्या बाई, निर्जळी उपास, दीड तास रांगेत उभ्या. डोक्याला खोक पडली. आठवड्याने भोईरशेठ माझ्या ऑफिसात आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"मॅडम, एसी पाहिजे. गाभाऱ्यात आणि दारापुढे. मला आकडे नका सांगू. आई पडली ना माझी."

मी आकडे सांगितलेच. त्या चक्कर येऊन पडल्या त्या गर्दीने आणि उपासाने. रांगेला सावली करा, बसायला बाक ठेवा, पाणी ठेवा. आणि आमच्या धंद्यातली पहिली गोष्टही सांगितली, जी मी प्रत्येक विश्वस्त मंडळाला सांगते. एसी हवा बदलत नाही. खोलीतली हवा ओढून घेतो, गार करतो आणि तीच परत सोडतो. गाभाऱ्यात समया जळतात, कापूर जळतो, धूप जळतो. तिथे गारव्यापेक्षा ताज्या हवेची गरज जास्त.

ते ऐकत होते, पण त्यांचा निर्णय झालेला होता. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलं असतं, आणि त्या दुसऱ्याने मागचं भोक आधी बुजवलं असतं. असं मला वाटलं. म्हणून मी हो म्हटलं. माझ्या आराखड्यात ते भोक उघडं होतं, त्याला बारीक जाळी आणि बाहेरून ताजी हवा आत ढकलणारा छोटा पंखा. गाभाऱ्याला काचेचं सरकतं दार होतं, पण त्याच्या खाली चार बोटांची फट सोडलेली. मी ते सगळं लिहून, चित्र काढून दिलं.

काम ठेकेदाराने केलं. आत जाऊन बघणं मला शक्य नव्हतं, म्हणून त्याने फोटो पाठवले. एसी, पाण्याची नळी, समोरची भिंत, वायरिंग. मागच्या भिंतीचा फोटो त्यात नव्हता. मी दोनदा मागितला. तो म्हणाला, पाठवतो. मग दुसऱ्या साइटवर माझी गडबड सुरू झाली आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर मी सही केली.

महिन्याभराने विश्रामकाकांचा फोन आला. सुरुवातीला गंमतच करत होते. "देव गारठला मॅडम. त्याला शाल आणा." मग म्हणाले, "मागचं नाक बुजवलंय. वरून संगमरवर लावलाय. पाखरं येतात म्हणाले. आणि दाराखाली रबर बसवलंय, गारवा बाहेर जातो म्हणून."

मी त्याच दिवशी देवस्थानला ईमेल केली. कडक भाषेत. हे ताबडतोब उघडावं, माझ्या आराखड्यात हे नव्हतं, जबाबदारी माझी राहणार नाही. उत्तर आलं, की सण आटोपले की बघतो. मी ती ईमेल फाइलला लावली आणि माझं काम झालं असं समजले.

दुसरा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला एका साइटवर होते.

"डोकं दुखतं हो मॅडम. सकाळी नसतं. अभिषेक, धूपारती झाली की सुरू होतं. मळमळतं. घरी गेलो, जेवलो, पडलो, की बरं वाटतं."

मी म्हटलं, "काका, एसीच्या झोतासमोर उभे राहू नका. पाणी प्या. दार उघडं ठेवत जा."

"दार उघडं ठेवलं की शेठ ओरडतात. गारवा जातो."

"मी येते. पुढच्या आठवड्यात नक्की."

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. धुपाटण्यात निखारे असतात. मोकळ्या हवेत ते जळून राख होतात, काही बिघडत नाही. बंद खोलीत त्यांतून एक वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. धुपाचा धूर डोळ्यांत जातो, तो दिसतो. हा दिसत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि मोकळ्यावर गेलं की बरं वाटतं. अगदी हेच. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मी हे शिकवलं असतं. तो फोन ठेवताना माझ्याही मनात ते येऊन गेलं. म्हणूनच मी येते म्हटलं. पण पुढच्या आठवड्यात मी गेले नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

तिसरा फोन त्यांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा होता. शेवंताकाकू. मी त्यांना एकदाच भेटले होते, देवळाच्या अंगणात. "तुम्ही येता म्हणालात असं ते म्हणतात. काल घरी येताना ठाकुर्लीच्या जिन्यावर बसून राहिले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, मॅडम येऊन बघतील, हवेचं आहे." त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, संकोचलेला होता. दुसऱ्याच दिवशी मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखान्यातून तो वायू मोजायचं यंत्र उसनं घेतलं आणि कल्याणला गेले.

सकाळचे अकरा वाजले असतील. सकाळची गर्दी ओसरली होती, माध्यान्हीच्या पूजेला थोडाच वेळ होता. मंडपात मी एकटी. अंगणात विहिरीपाशी देवळाचा सेवेकरी गणपत कलश घासत होता. विश्रामकाका पहाटे पाचपासून आत-बाहेर करत होते. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मला बघून मात्र खूश झाले.

मी काचेचं दार सरकवून यंत्र त्यांच्या हातात दिलं. आत नेल्याबरोबर त्यांनी आकडा वाचला. "नव्वद."

नव्वद हा आकडा बरा नव्हता. आठ तास काम करायच्या जागेत तो निम्माही असू नये. तेवढ्यावर मी त्यांना बाहेर बोलवायला हवं होतं, दार उघडं टाकायला हवं होतं, आणि भोईरशेठला तिथल्या तिथे फोन लावायला हवा होता.

काकाच म्हणाले, "आता धूप दाखवायचाय. तेव्हा बघा मॅडम. खरी हवा तेव्हाच कळेल."

आणि मला ते पटलं. मला पुरावा हवा होता. भोईरशेठच्या टेबलावर आपटता येईल असा मोठा आकडा. "दार लावूनच करा, रोज करता तसंच," मी म्हटलं. हे वाक्य माझं आहे. त्यांचं नाही.

त्यांनी निखारे फुलवले, धूप टाकला. काचेतून मला ते धूसर दिसत होते. यंत्र त्यांनी कोनाड्यात ठेवलं होतं, अधूनमधून वाकून ते बघायचे आणि मोठ्याने सांगायचे. "एकशे साठ." काचेमुळे आवाज लांबून आल्यासारखा. "दोनशे तीस." यंत्र वाजायला लागलं होतं. "हे ओरडतंय मॅडम," ते म्हणाले आणि हसले. मी वहीत आकडे लिहीत होते, शेजारी घड्याळातली वेळ. "तीनशे," ते म्हणाले. मग "तीनशे चाळीस" असं काहीतरी म्हणाले, आणि भिंतीला हात टेकून खाली बसले. मला वाटलं, धूप खाली ठेवायला बसले. मग ते कुशीवर कलंडले.

मी दार सरकवलं. दोन पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या पुढे दोन हातांवर काका. डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली. त्यांनी उत्तर दिलं नाही.

आणि मी उंबऱ्यावर थांबले.

मी देवभोळी नाही. सोवळं-ओवळं आमच्या घरात आईच्या पिढीबरोबर संपलं. त्या नियमावर माझा काडीचाही विश्वास नव्हता, उलट रागच होता. तरी माझा पाय उचलला गेला नाही. देवाची भीती वाटली असं म्हणता येणार नाही. लोक काय म्हणतील हेही त्या क्षणी मनात आल्याचं आठवत नाही. इतकी वर्षं मी त्या आणि तसल्या उंबऱ्यांच्या अलीकडे बसून काम केलं होतं, की आत जायचं नाही हे माझ्या डोक्याने नाही, पायांनी शिकून घेतलं होतं. मी तिथे उभी राहून गणपतला हाका मारत राहिले.

गणपत धावत आला. मंडपाच्या पायरीशी आल्यावर तो थांबला, आणि तिथल्या बादलीतलं पाणी पायांवर ओतलं. एका पायावर, मग दुसऱ्या. सवयीने. मी त्याला दोष देत नाही. मग तो आत उतरला आणि काकांना काखेत धरून ओढत वर आणलं. उंबऱ्याच्या अलीकडे आल्यावर मी त्यांचे पाय धरले.

रिक्षाने आम्ही त्यांना जवळच्या इस्पितळात नेलं. मी डॉक्टरांना वायूचं सांगितलं, त्यांनी ऑक्सिजन लावला. तिसऱ्या दिवशी विश्रामकाका गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, बरेच दिवस थोडा थोडा वायू शरीरात जात होता, त्यात हा ताण. मी विचारलं, दोन-तीन मिनिटं आधी बाहेर काढलं असतं तर? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित."

पोलिसांनी जबाब घेतला. मी भोक बुजवल्याचं सांगितलं, दार लावून धूप दाखवायला मीच सांगितलं हेही सांगितलं, वही दाखवली. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं आणि अपघात म्हणून नोंद केली. ते कलंडल्यापासून बाहेर येईपर्यंत किती वेळ गेला, हे मला कुणीही विचारलं नाही. माझ्या वहीत शेवटच्या आकड्याशेजारी वेळ होती, इस्पितळाच्या कागदावर पोचल्याची वेळ होती. मधला हिशेब कुणी केला नाही.

भोईरशेठ दहाव्याला ठाकुर्लीला आले होते, तिथे एका कोपऱ्यात उभे राहून रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून तो संगमरवर फोडून घेतला, एसी उतरवला, काचेचं दार काढलं. मला फोन करून म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहून दिलं होतं. मी वाचलं नाही." मी लिहून दिलं होतं, हे खरंच. तेवढंच ऐकून मी सुटू शकले असते.

महिन्याभराने मी तिथे परत गेले, काम नीट झालं का ते बघायला. विश्वस्तांनी बैठक घेऊन ठरवलं होतं, की तांत्रिक कामासाठी मॅडमना आत येऊ द्यावं. भोईरशेठ मला उंबऱ्यापर्यंत सोडायला आले. "या," ते म्हणाले. मी दोन पायऱ्या उतरून आत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकांच्या शब्दांवरून काढलेला माझा नकाशा बरोबर होता, दोन बोटांचाही फरक नव्हता. मागचं भोक उघडं होतं, समईची ज्योत दाराकडे झुकलेली होती. मी उंबऱ्यापासून काका पडले होते तिथपर्यंत चालून बघितलं. तीन पावलं होती. मग मी बाहेर आले.

त्यानंतर मी एक नियम केला, की जिथे मला स्वतःला आत जाता येत नाही ते काम घ्यायचं नाही. दोन-तीन देवस्थानांनी फोन ठेवून दिले. एकांनी बैठक घेऊन परवानगी दिली. हा काही पराक्रम नाही. हा नियम वीस वर्षं आधी करता आला असता.

शेवंताकाकूंकडे जायला मला चार महिने लागले. ठाकुर्लीला स्टेशनच्या पूर्वेला, चाळीतली शेवटची खोली. त्यांची मुलगी लग्न होऊन विठ्ठलवाडीला, ती येऊन-जाऊन असायची. त्या दिवशी काकू एकट्याच होत्या, मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि बसायला चटई टाकली. थोडा वेळ आम्ही इकडचं-तिकडचं बोललो. देवळात आता कोण पूजा करतं, पेन्शनचे कागद कुठपर्यंत आले.

मग मी सांगितलं. दार लावून करा असं मीच म्हटलं हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं. जे कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, ते मी सांगितलं.

"काकू, ते पडले तेव्हा मी दारातच होते. दार मी लगेच सरकवलं होतं. मी आत गेले नाही. गणपत येईपर्यंत थांबले."

त्यांचे हात मेथीवर थांबले. "किती वेळ?"

"दोन मिनिटं असतील. तीन. मला नक्की सांगता येत नाही."

"गेला असतात तर वाचले असते?"

"कदाचित."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, नशिबात होतं. म्हणतील, तुम्ही तरी काय करणार, तिथला नियमच तसा. आमच्याकडे बायका अशा वेळी हेच म्हणतात, समोरच्याला सोडवण्यासाठी. मी त्याचीच वाट बघत होते, आणि कबूल करते, त्यासाठीच गेले होते.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता.

"मग जायला हवं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्यांनी निवडलेली मेथी एका ताटात घेतली, देठं कागदात गुंडाळली, आणि उठून चहाचं आधण ठेवलं.